फुल दांड्या आणि स्टीलचं पातेलं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काच चिकटवत होते. ते म्हणाले, "वंदनाताई, मोबाइलनं माणसं कशी जवळ आणली, यावर तुमच्या अनुभवातलं काहीतरी लिहा. छान, हलकंफुलकं." काच चिकटवताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर धुळीचा कण बसून बुडबुडा राहतो. म्हणून तेव्हा मी नुसतं हूं म्हटलं.

आता बोलते. जवळ आणली म्हणे! माझ्या काउंटरवर येऊन एक दिवस उभे राहा, मग सांगा किती जवळ आणली ते. लिहायचं कबूल केलंय तर लिहिते, पण हलकंफुलकं जमायचं नाही. हा विषय निघाला की माझी जीभ सुटते, असं आमचे हे सांगतात. त्यांनी ती बरीच वर्षं ऐकलेली आहे.

पैठण गेटच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. आधी तिथं पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. मग रिचार्जची कुपनं आली, मग सिमकार्डं, मग हँडसेट. बाहेरच्याला वाटतं, मोबाइलचं दुकान म्हणजे मालकाच्या मनाला येईल तो फोन तो विकतो. कशाचं काय! दुकानातली भिंतसुद्धा माझी नाही. ही काचेची मांडणी या कंपनीची, तो दिव्यांचा बोर्ड त्या कंपनीचा, आणि मध्ये उभी असतात ती कंपन्यांची माणसं. त्यांना प्रमोटर म्हणतात. पगार कंपनीचा, उभं राहणं माझ्या दुकानात, चहा माझा, आणि काम एकच. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकानं दुसऱ्या कंपनीच्या फोनला हात लावायच्या आत त्याला आपल्याकडं ओढायचं. सध्या माझ्याकडं रिजवान आणि अंकुश असे दोघं आहेत, दोन वैरी कंपन्यांचे. दिवसभर एकमेकांचं गिऱ्हाईक पळवतात आणि दुपारी एकाच डब्यात जेवतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. लेकराबाळांची माणसं आहेत.

हँडसेटवाल्यांचं हे असं, तर सिमवाल्यांची तऱ्हा आणखीच न्यारी. एकदा दिवाळीच्या तोंडावर दोन कंपन्यांचे पेंटर एकाच सकाळी माझं शटर रंगवायला आले. एकानं वरचा अर्धा भाग धरला, दुसऱ्यानं खालचा. वरच्याचा रंग खाली ओघळला आणि दोघांची जुंपली, पार आईबापांपर्यंत. मी म्हटलं, "बाबांनो, दुकान उघडलं की शटर वर गुंडाळलेलं असतं. बंद केल्यावर तुमचं नाव कोण वाचणार, गल्लीतली कुत्री?" त्यातला एक म्हणाला, "ताई, वाचायला कोणाला पाहिजे? आमाला फोटू काढून कंपनीला धाडायचाय फक्त." फोटो निघाले आणि दोघंही खुशीत गेले. शटर तेव्हापासून विटक्या लुगड्यासारखं दिसतंय.

यात गिऱ्हाइकाला काय पाहिजे, हे विचारायला कोणाला फुरसत नसते. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हरकाका आले होते. म्हणाले, "घंटी मोठी वाजली पायजे आन् बॅटरी टिकली पायजे. बाकी काय नको." रिजवाननं त्यांचा फोटो काढून दाखवला. फोननं आपल्या अकलेनं काकांच्या सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या आणि रंग उजळवला होता. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा तर आमचा मेव्हणा!" मग अंकुशनं त्याच्या फोनमधून काढला, त्यात काका आणखी गोरे. शेवटी मी आतून साधा बटणांचा फोन काढून दिला, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. दोन्ही प्रमोटर मात्र दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. ताराबाईंचं मला नेता येत नाही.

ताराबाई म्हणजे आचारी. पाचोडच्या पुढं, ओढ्याच्या खोलगटात त्यांची वस्ती आहे. लग्न, बारसं, दहावं, भीमजयंती, उरूस, कुठंही शेकड्यानं पान उठायचं असलं की त्या भागात पहिलं नाव ताराबाईंचं. मसाले घ्यायला मोंढ्यात आल्या की माझ्या दुकानात टेकतात. आल्या आल्या पहिला प्रश्न, "जेवलात का?" सकाळ असो, संध्याकाळ असो. त्यांचा मोबाइल नंबर मीच निवडून दिलेला. सिमची पाकिटं काउंटरवर पसरून त्यातला तोंडात चटकन बसणारा आकडा मी उचलला होता. तो नंबर मग मंगल कार्यालयांच्या भिंतींवर लागला, त्यांच्या डेगींवर रंगवला गेला, आणि सासरी गेलेल्या पोरींच्या तोंडपाठ झाला. ताराबाईंकडं पाटी नाही की दुकान नाही. त्यांचा धंदा म्हणजे तो नंबर.

आता त्यांच्या जुन्या कंपनीचा टॉवर त्यांच्या वस्तीच्या बांधावरच उभा आहे. तिथं दुसऱ्या कोणत्या कंपनीचा आवाज पोचत नाही. हे ताराबाईंना ठाऊक नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. एका बाजाराच्या दिवशी पाचोडात एक छत्रीवाला उभा होता. बाजारात कंपनीची मोठी छत्री रोवून, टेबल टाकून सिम विकणाऱ्यांना आम्ही छत्रीवाले म्हणतो. त्याची योजना अशी होती: जुनी कंपनी सोडा, नंबर तोच ठेवून आमच्याकडं या, आणि झाकणासकट स्टीलचं पातेलं घेऊन जा.

पातेलं! आचाऱ्याला पातेलं दाखवायचं म्हणजे बघा.

ताराबाईंनी दोन गोष्टी पारखून घेतल्या. एक, त्याला तीन-तीनदा विचारलं, "नंबर बदलणार नाय ना रे बाबा?" तो म्हणाला, "बिलकुल नाही मावशी." दुसरं, पातेलं उलटं करून बुडावर बोटाच्या पेरानं वाजवलं, आवाज ऐकला, बूड जाड आहे याची खात्री केली. नेटवर्कचं विचारलं तेव्हा त्यानं आपला स्वतःचा फोन पुढं केला. "बघा, फुल दांड्या." दांड्या फुल असणारच. त्याच्या कंपनीचा टॉवर बाजाराच्या पाठीलाच होता.

इथं जरा खुलासा करते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर तुमच्या फोनवरून एक मेसेज जातो, एक कोड येतो, अंगठा किंवा फोटो घेतात आणि नवीन सिम हातात देतात. ते सिम लगेच चालू होत नाही. काही दिवसांनी जुनं मरतं, मग नवीन जिवंत होतं. म्हणजे तुमच्या घरात ते चालेल की नाही, हे घेताना कळायची सोयच नाही. आणि एकदा गेलात की तीन महिने परत फिरता येत नाही, असा नियम. कपडा घेतला तर दुकानदार बदलून देतो, पण हे नाही.

ताराबाईंचं नवीन सिम चालू झालं आणि वस्तीवर फोन मुका झाला. त्यांना वाटलं, तिथी नसतील, म्हणून कोणाचा फोन नाही. ऐन लग्नसराईत! पुढं एकदा त्या बाजाराला पाचोडात गेल्या. कांद्याच्या ढिगापाशी वाकल्या होत्या, तेवढ्यात कमरेच्या पिशवीतला फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. ज्यांनी ज्यांनी फोन लावला होता त्या सगळ्यांचे निरोप एकदम येऊन पडत होते. कांदेवाली म्हणाली, "काय गं तारे, मंत्र्याचा फोन का काय?" ताराबाईंनी तिथंच उभं राहून दोघातिघांना उलट फोन लावले. "बाई, आमी दुसरा बघितला." "बाई, तुमी उचलंनाच, मंग काय करनार?" दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं त्या माझ्या दुकानात.

मी त्यांना आधी झापलं. "मला एक फोन करून विचारायचं होतं ना!" तर म्हणाल्या, "फोनबद्दल इचारायला फोन कशाला, असं वाटलं बगा." उरलेल्या नंबरांना दुकानातून फोन लावायला बसलो. त्यातला एक वैजापूरचा निघाला. शेळके मास्तर.

हे मास्तर पूर्वी पाचोडच्या शाळेत होते. त्यांची पूजा तिथंच जन्मली. तिच्या बारशाचं जेवण ताराबाईंनी केलं होतं आणि पाळण्यापाशी उभं राहून शब्द दिला होता, "हिच्या लग्नाचं जेवनबी माज्याच हातचं." मास्तर रिटायर होऊन वैजापूरला गेले, तरी पोरगी भेटली की चिडवायची, "मावशी, मेनू ठरवून ठेवा." दोघींचं ठरलेलंच होतं. आणि पूजाचं लग्न होतं येत्या रविवारी.

"ताराबाई? अहो, तुम्ही..." मास्तर म्हणाले, "रोज फोन लावत होतो हो. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पूजा म्हणाली, मावशी कधी असं करणार नाही, काहीतरी बरंवाईट झालं असणार. रडली ती. शेवटी इथल्या केटररला सांगून टाकलं. आता त्याला कोणत्या तोंडानं नाही म्हणू? तुम्ही जेवायला या मात्र. नक्की या."

ताराबाईंनी "व्हय मास्तर, येते की" म्हटलं आणि फोन खाली ठेवला. लग्नाचं आवताण मिळालं होतं आणि बाई काउंटरवर हात टेकून नुसत्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "ताई, आचारी कवा पंगतीत बसतो का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान रिजवानवर सोपवलं आणि ताराबाईंना घेऊन रिक्षानं थेट जालना रोड गाठला, त्या नव्या कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मोठ्या दुकानात. काचेचं दार, थंड हवा, टोकन घ्या, बसा. आमच्यासमोर आला तो साहेब टायवाला, बोलायला मधाळ. सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला आणि नकाशा दाखवला. "मॅम, हे बघा. तुमच्या गावाचा सगळा भाग ग्रीन आहे. ग्रीन म्हणजे उत्तम नेटवर्क."

ताराबाईंनी चष्मा नीट करून पाहिलं. "साहेब, एवढं हिरवं तर आमच्याकडं पावसाळ्यातबी नसतं."

शेजारच्या टेबलावरचा एकजण हसला. साहेब हसले नाहीत. मी विचारलं, तुमचं कोणी कधी त्या वस्तीवर गेलंय का? म्हणाले, मॅपिंग सेंट्रल टीम करते. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या! मी म्हटलं, चूक तुमच्या माणसाची आहे, बाईंना आजच्या आज सोडा. तर नियम. हा नियम कोणाच्या भल्यासाठी, विचारलं. "ग्राहकांच्याच, मॅम." वर आणि म्हणतात, तोपर्यंत घराच्या छतावर जाऊन बोलून बघा. पत्र्याचं घर आहे त्यांचं! लग्नाचं जेवण ठरवायला या वयातल्या बाईनं पत्र्यावर चढायचं! मी काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. गॅलरीतला वॉचमन मला दारापर्यंत पोचवायला आला, आणि दार उघडताना हळूच म्हणाला, "बरोबर बोललात मॅडम." त्याच्या सांगण्याचा उपयोग काही नव्हता.

दुकानात परत आलो. रिजवान म्हणाला, "आपा, खाला का कॉल दूसरे नंबर पे वळवा देते." पण फसवणुकी वाढल्या म्हणून ती सोय नेमकी बंद केलेली, आणि कंपनीत विचारलं तर परत तोच मधाळ सूर. मी बसून राहिले. समोर भिंतीवर जुन्या बूथच्या पिवळ्या पाटीचा तुकडा अजून लटकतोय. तो बघता बघता मला सुचलं.

ज्यांची पन्नाशी उलटलीय त्यांना पीपी नंबर आठवत असेल. घरोघरी फोन नव्हते तेव्हा शेजाऱ्याचा नंबर पत्रिकेवर छापायचा आणि पुढं लिहायचं, पीपी. फोन शेजाऱ्याकडं यायचा आणि शेजारी हाक मारायचा. आमच्या अख्ख्या गल्लीची पीपी मी होते. कोणाला नोकरी लागली, कोणाकडं कोण गेलं, कोणाला मुलगी पसंत पडली, हे त्या घराच्या आधी मला कळायचं. निरोप पोचवायचा आणि पोटात ठेवायचा, हे त्या कामाचं इमान.

ताराबाईंचं सिम शहरात उत्तम चालत होतं. मी ते त्यांच्या फोनमधून काढलं, एका जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन काउंटरवर ठेवला. ताराबाईंना जुन्याच कंपनीचं दुसरं सिम दिलं, फक्त माझ्याशी बोलायला. "आजपासून मी तुमची पीपी," म्हटलं. ताराबाई पहिल्यांदा हसल्या. "या वयात मला शेजारीन मिळाली म्हनायची."

त्या लग्नसराईत माझ्या दुकानात काय चाललं होतं ते बघायला हवं होतं तुम्ही. एकीकडं कंपन्यांचे दिव्यांचे बोर्ड, बोललेलं समजणारे, फोटो बोलते करणारे फोन, आणि मधोमध तो डबडा फोन कोकलतोय. "हां, बोला, ताराबाई आचारी यांच्याकडून." "तुम्ही कोण?" "मी त्यांची पीपी." तरण्या पोरांना पीपी म्हणजे काय ते कळेना. एकानं विचारलं, "म्हणजे मॅनेजर का?" मी गिऱ्हाइकात असले की अंकुश उचलायचा. तो निघाला शाकाहारी, मटणाचं सांगणं आलं की फोन रिजवानकडं. रिजवान शिरखुर्म्याचे सल्ले फुकट द्यायचा. एरवी एकमेकांच्या गिऱ्हाइकावर टपलेली ही दोघं माणसं ताराबाईंचा एकही फोन चुकू देत नव्हती. मी निरोप घ्यायचे, ताराबाईंना सांगायचे, त्या तारीख धरायच्या. बरीचशी लग्नं अशी वाचली.

पूजाचं मात्र वाचलं नाही. ताराबाई वैजापूरला गेल्या, नवं लुगडं नेसून. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, "झालं झकास. पोरगी गळ्यात पडून लई रडली." आणि जेवण? "आमटीत मीठ कमी हुतं. कुनाला बोलले नाय मी." बस, एवढंच. त्या गॅलरीतल्या साहेबाला मी हे कसं समजावून सांगावं, मला खरंच कळत नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर यासाठी कोणता रंग आहे?

पुढं मी एकदा पाचोडला गेले होते. बाजारात छत्री दिसली म्हणून पाय आपोआप वळले. माणूस तोच, ताराबाईंनी सांगितल्याप्रमाणं, डाव्या भुवईवर खोक. छत्री मात्र दुसऱ्याच कंपनीची! या वेळी पातेल्याच्या जागी ताट-वाटी. मी ताराबाईंचं नाव काढलं तर ओशाळला, मग म्हणाला, "ती कंपनी सोडली मी, ताई. खरं सांगू, तिचं इकडं नेटवर्कच नव्हतं." म्हणजे त्याला सोडता येते! सकाळी सोडली, दुपारी दुसऱ्या छत्रीखाली उभा. बांधून ठेवायचं ते ताराबाईंना. त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण त्याच्या पायात साध्या धड चपला नव्हत्या. मग मी ओरडले ते परतीच्या जीपमध्ये, आमच्या ह्यांच्यावर, फोनवरून.

तीन महिने भरले त्या दिवशी ताराबाई सकाळीच हजर. पातेलं पिशवीतून आणलं होतं. त्यात त्यांनी एकदाही काही शिजवलं नव्हतं. "तुमच्याकडं असू द्या, माज्या घरात नको," म्हणाल्या. आता त्यात आम्ही मेलेले चार्जर टाकतो.

मी जुन्या कंपनीत परत जायचा मेसेज पाठवला. कोणी सोडून चाललं की कंपनीतून लगेच फोन येतो, गिऱ्हाईक वळवायला. तीन महिने ज्यांनी कानावर हात ठेवले होते, त्यांचा फोन तासाभरात आला. मी उचलून स्पीकरवर टाकला आणि ताराबाईंकडं सरकवला. एका मुलीचा गोड, पाठ केलेला आवाज. "नमस्कार मॅम, आपण आमच्या मौल्यवान ग्राहक आहात. आम्हाला सोडून जाण्याचं कारण सांगाल का?"

ताराबाई म्हणाल्या, "पोरी, जेवलीस का?"

"हो... नाही मॅम, अजून नाही. मॅम, कारण सांगाल का? आम्ही आपल्याला एक महिना मोफत..."

"सांगते की. तू असं कर, माज्या वस्तीवर ये एक दिवस. पुरनपोळी करते, तूप वाढते, पोटभर जेव. जेवून झालं की तितंच वट्यावर बस आन् तुज्या आईला फोन लाव, सुखरूप पोचले म्हनून. लागला, तर मरस्तोवर तुज्या कंपनीत ऱ्हाते. देवाशप्पत."

रिजवान आणि अंकुश दोघंही काउंटरवर वाकले होते. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही थांबली. पलीकडून काही वेळ नुसता इतर मुलींच्या बोलण्याचा गलका ऐकू येत राहिला, सगळ्याजणी तेच पाठ केलेलं बोलत होत्या. मग ती मुलगी बोलली, हळू, आणि या वेळी मॅम म्हणाली नाही.

"मावशी, तुम्ही जावा."

फोन बंद झाला. ताराबाईंनी तो पदरानं पुसला, माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, "तिच्याबी आईच्या घरी फोन लागत नसंल बगा."